पाय दिसायला हवेत : छोट्या प्रोजेक्टरवर नऊ महिने पाहिलेली जुनी नाच-गाणी

दिवाळीत हा छोटा एलईडी प्रोजेक्टर घेतला तो सासूबाईंसाठी. सासरे मुंबईत गिरणीत होते. लालबागच्या त्यांच्या चाळीत अख्ख्या मजल्यावर एकच टीव्ही होता आणि गुरुवारी छायागीताला, म्हणजे सिनेमातल्या गाण्यांच्या कार्यक्रमाला, सगळी बिऱ्हाडं त्या एका खोलीत बसायची. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, पण पडद्यावर रंग यायला 1982 साल उजाडलं. त्यामुळे रंगीत सिनेमातले नाचही सासूबाईंनी कित्येक वर्षं काळ्या-पांढऱ्यातच पाहिले. आता आम्ही वेंगुर्ल्याला असतो. पडवीची भिंत चुन्याची आहे, समोर खळं, म्हणजे अंगण, आहे. त्या भिंतीवर, मोठ्या चित्रात, ते नाच त्यांना रंगासकट दाखवायचे एवढंच मनात होतं.

आधी खरेदीबद्दल थोडं. नऊ हजारांच्या आत मिळाला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘फोर-के’, म्हणजे फार बारकाईचं चित्र, असं लिहिलंय, पण त्याचा अर्थ तसली फाइल तो उघडतो इतकाच. भिंतीवर प्रत्यक्षात 720 ओळींचंच, त्याहून बरंच कमी बारकाईचं चित्र पडतं. हे विकणाऱ्याने आधी सांगायला हवं होतं, मला राग आला. जुन्या गाण्यांना मात्र काही कमी पडत नाही, कारण आमच्या डीव्हीडी त्याहून कमीच क्षमतेच्या आहेत. अंधार पूर्ण पडल्याशिवाय चालू करू नका, तिन्हीसांजेला चित्र फिकट दिसतं.

पहिल्या रात्री ‘झनक झनक पायल बाजे’ लावला. 1955 चा, टेक्निकलरमधला, गोपीकृष्णांचं कथक. भिंतभर चित्र आलं, पोरं ओरडली, आणि सासूबाई म्हणाल्या, “गो, हेचे पाय खंय गेले?”

खरंच पाय नव्हते. घोट्याच्या वर चित्र संपत होतं. मला वाटलं डीव्हीडीच तशी आहे. दोन दिवस मेनू धुंडाळल्यावर कळलं की प्रोजेक्टर आपोआप ‘झूम’वर होता. त्या काळातले बहुतेक सिनेमे जवळपास 4:3 च्या चौकटीत, आजच्या पडद्यापेक्षा उभट. ते आजच्या 16:9 पडद्यात भरायचे तर वरखालची मिळून पाव उंची कापावी लागते. संवादाच्या प्रसंगात ते लक्षातही येत नाही. कथकात मात्र सगळा जीव पायात. ‘फुल’ केलं तर उलटी तऱ्हा, चित्र आडवं ताणलं जातं आणि नाचणारी व्यक्ती आहे त्याहून एक तृतीयांशाने जास्त रुंद दिसते. गिरकीतली चपळाई जाते. म्हणून सेटिंगमध्ये 4:3 करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्यात. आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर इतकी वर्षं सगळं ताणूनच बघत होतो, हे तेव्हा समजलं आणि वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि ही त्याहून महत्त्वाची. प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर अगदीच पातळ. ‘सांगत्ये ऐका’मधल्या, 1959 च्या, लावण्या लावल्या तर ढोलकीची नुसती टकटक, डाव्या पुडीचा घुमारा गायब. म्हणून ब्लूटूथ स्पीकर जोडला. घुमारा आला, पण जयश्री गडकरांचा पाय आधी पडायचा आणि घुंगरू मागून वाजायचं. ब्लूटूथला आवाज पोचवायला सेकंदाचा छोटासा अंश जास्त लागतो, बाकी काही नाही. पण चौपटीत एका मात्रेत चार पाय पडतात, तेव्हा एवढ्याशा उशिरात अख्खा एक पाय मागे राहतो. डोळे एक लय सांगतात, कान दुसरी. दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं आणि कारण कळत नाही. साधी ऑडिओ वायर आणली, स्पीकर त्याने जोडला, आणि पाय नि घुंगरू एका जागी आले. नाचासाठी प्रोजेक्टर घेणार असाल तर वायरचं भोक आहे ना, एवढं नक्की बघा.

रंगांचं म्हणाल तर ‘व्हिव्हिड’ बंद करून साधा मोड ठेवा, नाहीतर सगळ्यांचे चेहरे शेंदरी. तसं करून मग ‘नवरंग’ लावला. त्यातल्या होळीच्या गाण्यात संध्या एकटीच बाई आणि पुरुष दोन्ही होऊन नाचते. सासूबाईंनी हा नाच चाळीत बिनरंगाचा पाहिला होता. आमच्याकडे दशावतारात पुरुष स्त्रीपार्टी रंगवतो, त्यामुळे बाई पुरुष झालेली बघून शेजारच्या काकू पदर तोंडाला लावून हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्या पुढे सरकून बसल्या आणि गाणं संपल्यावर म्हणाल्या, “परत लाव.” त्या रात्री ते चार वेळा लावलं.

‘मुघल-ए-आझम’ची आमची प्रत जुनी आहे, 2004 मध्ये संपूर्ण रंगवलेली नव्हे. काळ्या-पांढऱ्यातून एकदम शीशमहाल रंगात उघडतो तेव्हा खळ्यात कोणी बोलत नव्हतं. मात्र आरशांच्या लखलखाटात या स्वस्त प्रोजेक्टरचा कमीपणा उघडा पडतो, उजळ भाग नुसते पांढरे होतात. पोरांना सगळ्यात आवडले भगवानदादा. ‘अलबेला’ 1951 चा, पण त्यांचं ते जागच्या जागी खांदे-हात हलवत डुलणं पोरांना एका बैठकीत जमलं.

आता किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी. चादरीचा पडदा करू नका. खारा वारा सुटला की नाचणारीच्या आधी चादर नाचते. भिंत बरी. दमटपणाने लेन्सच्या आत बुरशी धरते, म्हणून वापर झाला, यंत्र थंड झालं, की घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर चालतो. आंब्याच्या दिवसांत पेट्या भरण्यात दोन महिने हातही लावला नाही. पहिल्या पावसात पाखरं उजेडावर तुटून पडली, त्यातली काही पंख्याच्या जाळीत अडकली. तेव्हापासून जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा बांधते, पण यंत्र तापू नये म्हणून अर्ध्या तासाने बघावं लागतं. रिमोटचं एक बटण सहाव्या महिन्यात गेलं. सेवा केंद्राने दोन फोन घेतले, तिसरा घेतला नाही.

एक अडचण अजून आहे. पडवीच्या भिंतीला खाली हातभर गेरूचा पट्टा आहे. चित्र मोठं केलं की पाय नेमके त्या लाल पट्ट्यावर पडतात आणि दिसेनासे होतात. चतुर्थीला मुंबईची मंडळी येतील, त्याआधी घराला चुना काढायचा आहे. सासूबाईंनी परवा गड्याला सांगून टाकलं, “ह्या भितीक गेरू नको, खालपर्यंत चुनोच काढ.”