स्टारबक्सची कार्बन-कपात: कप सोडा, दुधाचं बघा

कुठल्याही कॉफी साखळीचा पर्यावरणाचा दावा तपासायचा तर आधी तिचा दुधाचा हिशेब मागावा. स्टारबक्सने 2020 साली जाहीर केलं की 2030 पर्यंत कार्बन उत्सर्जन, पाण्याचा उपसा आणि कचरा निम्म्यावर आणू. तेव्हा कंपनीच्याच हिशेबात कार्बनचा सगळ्यात मोठा वाटा दुग्धजन्य पदार्थांचा निघाला होता. यात नवल काही नाही. जागतिक सरासरीने लिटरभर गाईच्या दुधामागे सुमारे 3 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं, ओटच्या दुधामागे किलोच्या आत. एका लातेत पाव लिटर दूध जातं, म्हणजे पाऊण किलो तिथेच गेलं. कागदी कप आणि झाकण मिळून शंभर ग्रॅमच्या आत येतात. गिऱ्हाइकाच्या हातात मात्र कप दिसतो, म्हणून सगळी जाहिरात कपाची आणि स्ट्रॉची.

म्हणून या कंपनीचं खरं चांगलं काम कोणतं, तर ओट, सोया, बदाम आणि नारळाच्या दुधाचे जादा पैसे घेणं तिने थांबवलं. ब्रिटनमध्ये जानेवारी 2022 मध्ये, अमेरिकेत 7 नोव्हेंबर 2024 पासून. पाचपैकी चार तारे. पाचवा अडला, कारण काहीच न सांगता लाते मागितली तर गाईचंच दूध येतं. ब्लू बॉटल या कॉफी साखळीने 2022 मध्ये अमेरिकेतल्या आपल्या कॅफेंमध्ये हे उलटं केलं: न सांगता ओट, हवं असेल तर गाईचं मागा. बहुतेक माणसं जे समोर येतं ते घेतात, त्यामुळे यानेच जास्त फरक पडतो. एक पथ्य मात्र पाळावं. साधं ओटचं दूध आम्लयुक्त, हलक्या भाजणीच्या कॉफीत फाटतं. बरिस्टांसाठी, म्हणजे दुकानात कॉफी बनवणाऱ्यांसाठी, मिळणारं घ्यावं, त्यात स्निग्धांश जास्त असतो आणि आम्लता सावरणारे क्षार घातलेले असतात. ते तापवताना 60 अंश सेल्सिअसच्या आसपास थांबावं.

मेनू न बदलता होणारी बचत दूध वाफेने तापवायच्या भांड्यात, म्हणजे स्टीमिंगच्या जगमध्ये आहे. 250 मिलिचं काम असताना अंदाजाने 300 मिलि ओतलं की उरलेलं सिंकमध्ये जातं. एकदा तापवलेल्या दुधाला दुसऱ्यांदा तसा फेस धरत नाही, त्यामुळे ते परत वापरता येत नाही. दिवसाला 300 पेयं विकणाऱ्या दुकानात हे 15 लिटर दूध झालं, म्हणजे रोज 45 किलो उत्सर्जन, आणि दुधाचे पैसे वेगळेच. उपाय फुकटातला आहे: प्रत्येक कपाच्या मापाचा वेगळा जग ठेवा आणि आतून रेघ मारा.

परत करायच्या कपांबद्दल मात्र उत्साह आवरावा. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात 2024 मध्ये स्टारबक्ससह तीसहून अधिक दुकानांनी जांभळे कप वाटले, अनामत रक्कम न घेता. दोन लाखांवर कप परत आले, पण प्रमाण 51 टक्के. म्हणजे एक कप सरासरी दोनदाच वापरला गेला. वीस वापर हवे असतील तर शंभरातले 95 परत यायला हवेत. जाड प्लास्टिकचा कप दोन वापरांत आपला बोजा फेडत नाही. त्यापेक्षा जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत दुकानात बसणाऱ्यांसाठी परत आणलेले चिनी मातीचे मग बरे, ते दाराबाहेर जातच नाहीत. फक्त डिशवॉशर भरल्याशिवाय लावू नये.

(याच कंपनीचे तेव्हाचे नवे प्रमुख कॅलिफोर्नियातल्या घरातून दीड हजारांवर किलोमीटर दूर सिएटलच्या मुख्यालयात कंपनीच्या विमानाने येणार, हे 2024 मध्ये जाहीर झालं, तेव्हा कागदी स्ट्रॉ चोखणाऱ्या गिऱ्हाइकांनी काय ते बोलून घेतलं.)

पाण्याच्या बाबतीत नोंद जुनी आहे. 2008 मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने उघड केलं की स्टारबक्समध्ये चमचे धुवायचा नळ दुकान उघडं असेपर्यंत सुरूच असतो. जगभरात मिळून दिवसाला दोन कोटी लिटरांहून अधिक पाणी. कारण स्वच्छतेचं होतं, दूध लागलेल्या चमच्यांत जंतू वाढू नयेत. नंतर ते नळ बंद झाले.

भारतात टाटांबरोबर 2012 मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला पहिलं दुकान उघडलं, आणि कॉफी कूर्गकडची, त्यामुळे बियांचा प्रवास लांबचा नाही. वीज मात्र बहुतांश कोळशाची: युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणून इथल्या कुठल्याही साखळीने रात्री कॉफीचं मशीन इको मोडवर, म्हणजे कमी विजेवर टाकावं आणि फ्रिजकडे बघावं. जुन्या फ्रिजमधला गारवा आणणारा आर-404ए वायू गळला तर त्याचा एक किलो हवेत जवळपास 3900 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. आर-290 म्हणजे प्रोपेनचा आकडा अवघा 3. नवं यंत्र घेताना पाटीवर हा क्रमांक वाचावा. जुनं असेल तर दाराचं रबर तपासावं: कागदाची चिठ्ठी दारात अडकवून ओढा, सहज निघाली तर रबर गेलं. मागच्या कॉइलवरची धूळ महिन्याला ब्रशने काढा.