स्टिकर की रंग? एकाच बिल्डिंगमधल्या दोन स्वयंपाकघरांचा हिशेब

भाचीला निपानियातल्या नव्या फ्लॅटची चावी मिळाली आणि त्याच रात्री तिचा फोन. "मावशी, किचन अगदी लॉजसारखं दिसतंय गं. टाइल्सवर स्टिकर लावू की रंग मारू?"

तिचं काही चुकत नव्हतं. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्यामागे दोन फूट पांढुरक्या टाइल्स, चॉकलेटी लॅमिनेटची दारं. इंदुरात बिल्डर बदलतो, हा मसाला बदलत नाही.

माझ्याकडे उत्तर तयार होतं, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये हा प्रयोग आपसूकच होऊन बसलाय. मी चौथ्या मजल्यावर, वहिनी दुसऱ्या. नकाशा एकच, ओटा एकच, खिडकीसुद्धा त्याच बाजूला. चार वर्षांपूर्वी एकाच महिन्यात दोघी राहायला आलो. मी स्टिकरवाली, वहिनी रंगवाली. सकाळी पोहे आणि दोन वेळा फोडणी दोन्ही घरांत सारखी. म्हणून एकीचं स्वयंपाकघर दुसरीच्या शेजारी ठेवून बघता येतं.

पण आधी नाणं वाजवा. गंमत नाही. रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक टाइल चारही कोपऱ्यांत आणि मधोमध ठोकून बघा. भरीव टाइल ठणठण वाजते, मागे मसाला नीट न भरलेली ढबढब. पोकळ निघेल तिच्यावर खडूची खूण, मग फोटो, मग बिल्डरला लेखी तक्रार. रेराच्या २०१६च्या कायद्यातलं कलम १४ सांगतं की ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कामातला दोष निघाला, तर कळवल्यापासून ३० दिवसांत तो पैसे न घेता दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. मी हौसेने आधी स्टिकर लावले आणि पोकळ टाइल्स वर्षभराने सापडल्या. मग "मॅडम, आपने इसके ऊपर कुछ चिपकाया था क्या?" हे ऐकून घ्यावं लागलं. तीन टाइल्ससाठी पाच फेऱ्या झाल्या.

आता भिंत. सगळ्यांची खरी घालमेल इथेच असते, त्यामुळे इथे जरा थांबते.

स्टिकरचं काम एका दुपारचं. टाइल्स पुसायच्या, भिंतीवर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारायचा, शीट वरून खाली सोडत नेत जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने हवा बाहेर ढकलायची, कडा ब्लेडने कापायची. चार वाजता सुरू केलं आणि सहाला चहा पीत भिंतीकडे बघत बसले होते. निळ्या-पांढऱ्या नक्षीने स्वयंपाकघर खरंच उजळलं. पहिली दिवाळी आली, चकल्यांचा घाणा सलग दोन दिवस चालला आणि मोठ्या बर्नरमागच्या शीटची कड कानाच्या पाळीसारखी बाहेर वळली. त्या फटीत तेल गेलं, तेलावर पिठी बसली, आणि पुढे तिथे कोण राहायला आलं ते इंदूरकरांना सांगायला नको. ही शीट बहुतेक वेळा पीव्हीसीची असते. उष्णतेने ती मऊ होते, मागचा गोंद तिच्याआधी. चंदेरी फॉइलची "ऑइलप्रूफ" म्हणून मिळते तिचा वरचा पत्रा टिकतो, पण गोंद जवळपास त्याच जातीचा. शेगडीलगत ती सुटून ज्योतीकडे झुकली तर प्रश्न फक्त शोभेचा उरत नाही.

मात्र त्याच दिवशी लावलेली, फ्रिजच्या बाजूच्या भिंतीवरची शीट आजही कालच लावल्यासारखी आहे. म्हणून स्टिकर वाईट असं मी म्हणणार नाही. तो फोडणीच्या टप्प्याबाहेर हवा. टप्पा कसा कळायचा? राहायला गेल्यावर आठ दिवस त्या टाइल्स पुसूच नका. नवव्या दिवशी कोरडा टिश्यू उजवीकडून डावीकडे फिरवा. पिवळा होतो तिथपर्यंत तुमच्या घरची फोडणी पोचते. आमच्याकडे मोठ्या बर्नरच्या दोन्ही बाजूंना साधारण दोन-दोन फूट निघाली. तुम्ही मोहरी किती तडतडू देता यावर ते आहे.

वहिनीने टाइल्सवर एपॉक्सी रंग मारला. दोन डब्यांचा येतो, रंग वेगळा आणि हार्डनर वेगळा. मारायला दोन दिवस गेले, पण तयारीला तीन. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून दोनदा घासलं, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने टाइलची चकाकी घालवली. ही चकाकी गेली नाही तर रंग सालासारखा निघतो. तिने एक चूक केली. दोन्ही डबे एकदम कालवून बसली. हे मिश्रण काही तासांत आवळतं, तिचं अर्धं डब्यातच दगड झालं. लागेल तेवढंच कालवायचं. वास उग्र असतो, खिडक्या सताड उघड्या हव्यात, आणि रंग पूर्ण पक्का होईपर्यंत आठवडाभर त्या भिंतीपाशी तेल-पाणी नको. तो आठवडा दादा दोन वेळा आमच्याकडे जेवला.

चार वर्षांनी वहिनीची भिंत शाबूत आहे. कुकरचं झाकण आपटून एक टवका उडालाय, बाकी ओल्या फडक्याने पुसली की झालं. टाइल्समधल्या रेघाही रंगाखाली गेल्या, त्यामुळे हळदीच्या डागांचा विषयच मिटला. तोटा एकच, आणि तो मोठा. परतीची वाट नाही. शेड कार्डावर मोरपंखी सुंदर दिसला होता, सहा फूट भिंतीवर तो एसटी स्टँडच्या भिंतीसारखा गडद निघाला. वहिनी म्हणते, सवय झाली. वहिनी बऱ्याच गोष्टींबद्दल असं म्हणते.

टाइलवर टाइल हा तिसरा पर्याय मी लगेच बाजूला ठेवते. ८ ते १० मिलिमीटर जाडी वाढते, स्विचबोर्ड आत गेल्यासारखे दिसतात, कडा उघड्या पडतात. ते मिस्त्रीचं काम, आणि घरच्या घरी करायचं ठरवलंय तर मिस्त्री कशाला?

चौथा पर्याय कुणी सुचवत नाही, आणि शेगडीमागचे स्टिकर खरवडून काढल्यावर मी शेवटी तोच केला. टाइल तशीच ठेवायची, फक्त मधल्या रेघा बदलायच्या. पांढरं ग्राउट हातकरवतीसारख्या छोट्या हत्याराने दोन-तीन मिलिमीटर खरवडून त्यात गडद करड्या रंगाचं एपॉक्सी ग्राउट भरलं. पांढरट टाइल्सवर करड्या रेघांची चौकट उठली आणि भिंत एकदम कुणीतरी विचार करून बसवल्यासारखी दिसायला लागली. या ग्राउटवर हळद चढत नाही, तेल मुरत नाही. कष्ट मात्र आहेत. एका वेळी हातभर जागाच भरायची आणि पंधरा-वीस मिनिटांच्या आत टाइलवर सांडलेलं पुसायचं, नाहीतर तिथे कायमचा धुरकट पापुद्रा बसतो. खांदे दोन दिवस भरून आले होते. तरी शेगडीमागे माझं मत याला, घाई असेल तर रंगाला. स्टिकरला तिथे माझं मत नाही.

दारांचा हिशेब सोपा आहे. लॅमिनेटवर मी लाकडी नक्षीचा व्हिनाइल लावला. सिंकखालची दोन दारं सोडली तर ठीक आहे. त्या दोन दारांच्या खालच्या कडेला पाणी लागून तो सुटला, आणि आतला बोर्ड एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा, असल्यामुळे कड पावासारखी फुगली. वहिनीने ब्रशने इनॅमल मारला. लांबून छान, जवळून ब्रशच्या रेघा, आणि जिथे रोज नख-अंगठी लागते तिथे टवके. दोन्हींपेक्षा जास्त फरक पडला तो हँडल बदलल्याने. हे मला आधी कळलं असतं तर दारांवर बाकीचं काही केलंच नसतं.

त्याचा किस्सा सियागंजातला. हार्डवेअरच्या दुकानात मी पितळी झाकेची हँडलं पसंत केली, अठरा सांगितली. दुकानदार हात न हलवता म्हणाला, "भाभीजी, होल से होल कितना है?" मला काय माहीत! त्याने स्वतःच्या गल्ल्याच्या ड्रॉवरवर टेप लावून दाखवला. दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. बहुधा ९६, १२८ किंवा १६० मिलिमीटर निघतं. जुनं ९६ चं आणि नवं १२८ चं घेतलंत तर दारात नवी भोकं पाडावी लागतात आणि जुनं एक तरी भोक डोळे वटारून बघत राहतं. पुरुषभर उंचीवरून दिसणार नाही असं समजू नका. घरी येऊन मोजलं, १२८. दुसऱ्या दिवशी परत गेले. एक स्क्रूड्रायव्हर आणि दीड तास, एवढ्यात चॉकलेटी दारं जुन्या वाड्यातल्या कपाटासारखी भारदस्त वाटायला लागली. तसेच बिजागऱ्याही बदलता येतात, पण त्यात झीरो, आठ, सोळा असे क्रँक असतात. दार चौकटीवर कसं बसतं त्यावर ते ठरतं, म्हणून जुनी बिजागरी खिशात घालूनच दुकानात जा.

उजेड. ओट्यावर बिल्डरने दिलेला दिवा तुमच्या पाठीमागे असतो, म्हणजे कांदा चिरताना आपलीच सावली सुरीवर. वरच्या कपाटाखाली एलईडी पट्टी लावली की हा प्रश्न सुटतो. १२ व्होल्टची घ्या, ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवा म्हणजे वाफेने गोंद सुटत नाही, आणि कात्रीची खूण असेल तिथेच कापा. शेड, म्हणजे उजेड किती पिवळा किंवा पांढरा ते, निवडताना ४००० केल्विन. ३००० मध्ये वरण आणि आमटी एकाच रंगाची दिसते, ६५०० मध्ये दवाखाना. पट्टी लावणं आपलं काम, मेनमधून जोडणी इलेक्ट्रिशियनचं.

उघडी फळी की बंद कपाट, यावर भाचीचं मन फळीवर आहे, कारण फोटोत फळी छान दिसते. आमच्या रामबागच्या घरात आईची पितळी डब्यांची उतरंड आणि भिंतीवरची मांडणी होती, ती कधी चिकट झाल्याचं आठवत नाही. कारण एवढंच की तिथली ताटं-वाट्या रोज उतरायच्या, रोज घासल्या जायच्या. शोभेच्या बरण्या ठेवल्यात की पंधरा दिवसांत त्यांच्यावर तेलाचा चिकट थर बसतो. त्यामुळे फळी हवीच असेल तर एकच, शेगडीपासून लांब, आणि तिच्यावर फक्त रोजची भांडी. मी आईची ती मांडणी आणून लावली. घरात येणारा प्रत्येक जण नक्षीच्या भिंतीकडे न बघता तिच्याकडेच बघतो.

लावताना एक जपा. नव्या बिल्डिंगांच्या भिंती बऱ्याचदा हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. त्यात साधी गिट्टी ठोकली की महिन्याभरात डुलायला लागते. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं आणि अशा ब्लॉकसाठी मिळणारे लांब नायलॉनचे अँकर वापरायचे. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका, आतून तारा तिथूनच जातात.

आणि सिंकखाली काय ठेवायचं ते आधी ठरवा. हे शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय ते घराघरातल्या डब्यांमुळे, आणि कचरा सहा प्रकारांत वेगळा द्यायचा तर निदान ओला, सुका आणि प्लास्टिक असे तीन डबे तिथेच मावायला हवेत. वहिनीने तिथे हौसेने ओढायची महागडी जाळी बसवली. आता तिचा ओल्या कचऱ्याचा डबा बाल्कनीत असतो आणि मोरपंखी भिंतीपासून तिथपर्यंत कांद्याची सालं सांडत जातात.

भाचीला मी सांगितलं, दोन महिने काहीच करू नकोस. नाणं वाजव, टिश्यू फिरव, मग हँडल, मग पट्टी, मग रेघा. स्टिकर फ्रिजच्या बाजूला खुशाल लाव. ती म्हणाली, दोन महिने थांबवत नाही गं. काल सियागंजातून फोटो आला. तळहातावर काळं हँडल, त्यावर आडवा टेप, अंगठ्याजवळ आकडा दिसतोय, ९६. खाली लिहिलंय, "मावशी, घेऊ?"

मी विचारलं, घरचं मोजलंस?

निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.