ताश्कंदची मेट्रो: एकच ठिकाण, दोन नावे

ताश्कंद हे नाव आपल्याकडे रुजले ते १९६६ च्या करारामुळे आणि तेथेच झालेल्या लालबहादूर शास्त्रींच्या निधनामुळे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झालेल्या भूकंपाने शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, आणि त्यानंतर नव्याने आखलेले रस्ते इतके रुंद व लांबलचक आहेत की पायी भटकण्याचा बेत पहिल्याच दुपारी गुंडाळावा लागतो.

अशा वेळी आधार मेट्रोचा. १९७७ मध्ये सुरू झालेली ही मध्य आशियातील पहिली मेट्रो. प्रवेशद्वारापाशी पिशव्या तपासतात, पुढे फाटकावर बँकेचे कार्ड टेकवले की काम झाले. गाड्याही फारशा खोळंबवत नाहीत.

नवखा माणूस गोंधळतो तो नावांपाशी. जुन्या मार्गिका जेथे एकमेकींना भेटतात, तेथे प्रत्येक मार्गिकेच्या स्थानकाला स्वतंत्र नाव आहे. लाल मार्गिकेवरचे ‘पाख्ताकोर’ आणि निळीवरचे ‘अलिशेर नवोई’ ही जोडलेली स्थानके आहेत, हे नकाशा नीट न पाहिल्यामुळे माझ्या ध्यानात आले नाही आणि मी पाख्ताकोरच्या फलाटावर उभा राहून ‘नवोई’ची पाटी शोधत राहिलो. हातातला नकाशा पाहून एका आजींनी माझी बाही धरली व न बोलता जिन्याकडे बोट दाखवले. नावांची एकदा सवय झाली की मात्र मजा येते: ‘बोदोमझोर’मध्ये बदाम सापडतो, ‘दोस्तलिक’मध्ये दोस्त.

स्थानके सावकाश पाहावीत. पाख्ताकोर म्हणजे कापूस पिकवणारा, आणि तेथील भिंतींवर कापसाचीच नक्षी आहे; नवोईचे घुमटाकार छत एखाद्या मदरशात शिरल्याचा भास देते. माझे आवडते ‘कोस्मोनाव्तलार’: गडद होत जाणाऱ्या निळ्या भिंतींवर गागारिन व तेरेश्कोवा या अंतराळवीरांसोबत पंधराव्या शतकातील खगोलज्ञ उलुघबेगही आहे. मेट्रोत छायाचित्रे काढण्यावरची बंदी २०१८ मध्ये उठली.

‘चोर्सू’ला उतरले की जुना बाजार समोरच लागतो. विमानतळापर्यंत मात्र मेट्रो जात नाही, त्यामुळे पहिला व शेवटचा प्रवास टॅक्सीने किंवा बसने करावा लागतो. दारात घोळका करून उभ्या असलेल्या चालकांशी घासाघीस करण्यापेक्षा भाडे आधी दाखवणाऱ्या अॅपवरून गाडी बोलावणे श्रेयस्कर.