माशांच्या उवांचं औषध: काम चोख, पाकिटावरची माहिती अर्धवट

डायफ्लुबेंझुरॉनची पावडर आहे ही, अर्ग्युलस म्हणजे माशांच्या उवा आणि अँकर वर्म म्हणजे माशाच्या अंगात रुतून बसणारा दोऱ्यासारखा परजीवी, दोन्हींवर चालते असं पाकिटावर छापलंय. उवांवर खरंच जबरदस्त आहे, अँकर वर्मचं मात्र अर्धंच खरं.

माझे गोल्डफिश सारखे दगडाला अंग घासत होते, नीट बघितलं तर कल्ल्यामागे 5-6 मिमीचे चपटे पारदर्शक ठिपके, ढोसलं की सरकायचे. भिंगाखाली दोन मोठे गोल दिसतात, पहिल्यांदा डोळेच वाटतात पण ते चिकटायचे सक्शन कप. दिसायला किडा असला तरी हा प्राणी झिंगे-खेकड्यांच्या खानदानातला, त्याला वाढायला कात टाकावी लागते, आणि औषध नेमकं तिथेच मारतं, कायटिन म्हणजे कवच ज्याचं बनतं ते द्रव्य नीट बनूच देत नाही, मग नवं कवच काही धरत नाही. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी उवा तशाच आहेत म्हणून एक स्टार देणाऱ्यांनी जरा दम धरा! मोठ्या झालेल्या उवाही कात टाकत राहतात, आज ना उद्या सापडतातच.

अंडी मात्र वाचतात. मादी मासा सोडून पोहत जाते आणि काचेवर, दगडावर रांगेने अंडी चिकटवते, 25 अंशांच्या आसपास ती फुटायला दोन-तीन आठवडे, थंड पाण्यात अजून कितीतरी जास्त. म्हणजे दुसरा डोस लागणारच, आणि पाकिटावर काय तर ‘गरज वाटल्यास पुन्हा वापरा’. अरे वाटल्यास काय??

आता अँकर वर्म. माशाच्या अंगातून जो दोरा लटकतो ती मादी, टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या. जोडी जमली की नर मरतो आणि ही डोकं मांसात खुपसून आत नांगरासारखे फाटे पसरते, त्यानंतर कात टाकणं बंद, मग औषध तिचं काय वाकडं करणार? पाण्यातली पिल्लं तेवढी मरतात. ती बाई चिमट्यानेच काढायची, अगदी कातडीजवळ धरून, नाहीतर डोकं आत राहतं.

टँकमध्ये शोभेचे झिंगे असतील तर हे टाकूच नका, तेही कात टाकणारेच, आणि ही वॉर्निंग मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात आहे. फिल्टरमधला कार्बन आधी काढा, तो औषध शोषून घेतो. पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, बाटलीत घालून जोरात हलवून मगच ओता. मोजायला चमचासुद्धा दिलेला नाही. 5 पैकी 4.