कंपनीच्या स्टिरिओला अँप आणि सबवूफर लावून आठ महिने, नागपूरच्या उन्हाळ्यासकट

अँप (आवाजाला ताकद देणारा अँप्लिफायर) आणि सबवूफर, म्हणजे सब (फक्त बास काढणारा मोठा स्पीकर), दसऱ्याला लावलं होतं, आता मे पण सरला, म्हणून आता लिहितो, कारण पहिल्या आठवड्यात तर कोणतंही नवीन सामान भारीच वाटते.

गाडी साधी हॅचबॅक. स्टिरिओ कंपनीचाच ठेवला कारण स्टिअरिंगवरची बटणं आणि रिव्हर्स कॅमेरा त्यालाच जोडलेला आहे. त्याला मागून आरसीए आउटपुट (अँपला सिग्नल द्यायची वेगळी पिन) नाही, मग हाय लेव्हल इनपुटवाला अँप घेतला, म्हणजे स्पीकरच्याच वायरीतून सिग्नल उचलायचा, वेगळा कन्व्हर्टर लागत नाही. अँप चार चॅनलचा क्लास डी (कमी तापणारा, छोटा प्रकार) आहे, प्रत्येकी 50 वॅट आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद. दोन चॅनल पुढच्या दरवाज्यांच्या स्पीकरना आणि उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, 10 इंची सबला, तिथे 150 वॅट मिळतात. सबचा बॉक्स सील्ड (पूर्ण बंद) घेतला, पोर्टेड (हवेसाठी भोक असलेला) दणका जास्त देते पण डिक्की खाऊन टाकते, आणि मला काच हादरवायची नव्हती, मला तबल्याचा डग्गा नीट ऐकायचा होता. तो आता ऐकू येतो भाऊ! बाबा सोबत असले की भजनं लागतात, आवाज अगदी कमी असतो, तरी पखवाजाची थाप आणि तिच्यामागची घुमक वेगवेगळी कळते. आधी हेच ऐकायला आवाज वाढवावा लागायचा आणि मग दरवाजेच खडखडायचे.

पण पहिले दोन महिने खूप त्रास झाला. ज्या दुकानात फिटिंग केलं तिथे अर्थिंग मागच्या सीटच्या बोल्टला दिलं होतं, रंगावरूनच. एक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुंईऽऽ असा आवाज, गाडी पळेल तसा चढत जायचा. सबचा जोर पण मधूनच पडायचा. शेवटी मित्राने मल्टिमीटर आणला, गाडी चालू ठेवून आणि गाणं लावून बॅटरीवर मोजलं तर 14.1 व्होल्ट आणि अँपच्या टर्मिनलवर 12.3. वायरचं टोक ब्लेडने खरवडलं तर वरून तांब्याचा मुलामा आणि आत पांढरं अॅल्युमिनियम. आणि बॅटरीजवळ फ्यूजच नाही!! याचा मला आजही राग येतो, कारण बॅटरीपासून डिक्कीपर्यंतची ती वायर कुठे घासून बॉडीला लागली असती तर सरळ आग. मग आम्हीच शुद्ध तांब्याची 8 गेजची वायर टाकली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर 40 अँपियरचा फ्यूज बसवला, डिक्कीतला पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासून तिथे हातभर वायरने अर्थ दिलं. कुंई बंद. तुम्ही लावणार असाल तर काहून घाई करता, अँप थोडा छोटा घ्या पण वायर आणि फ्यूज स्वतः उभं राहून बघा.

गेन (अँप सिग्नल किती वाढवेल ते ठरवणारं बटण) पण कानाने लावू नका. सबचे 150 वॅट गुणिले त्याचा रोध 4 ओहम, त्याचं वर्गमूळ 24.5, म्हणून सबची वायर काढून 50 हर्ट्झचा टोन वाजवला, स्टिरिओचा आवाज पाऊण ठेवला आणि मीटरवर 24.5 एसी व्होल्ट येईपर्यंतच गेन फिरवला. फिल्टर 80 हर्ट्झला, त्याच्याखालचं सगळं सबला आणि वरचं दरवाज्यांना, त्यामुळे कंपनीचे स्पीकरसुद्धा मोकळे वाजतात, मी ते अजून बदललेच नाहीत. तरी ड्रायव्हर सीटवर बास पोकळ वाटत होता, सबच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि लगेच भरून आला. हे करायला दोन मिनिटं लागतात.

उन्हाळ्याचं सांगतो. ऑफिस हिंगण्याला, गाडी दिवसभर उन्हात. मे महिन्यात संध्याकाळी वर्धा रोडला लागेपर्यंत अँपचा लाल दिवा लागून आवाज बंद, असं तीनदा झालं. अँप डिक्कीत कार्पेटला चिकटून होता, हवा मिळायला जागाच नव्हती. खाली लाकडी पट्ट्या देऊन बोटभर उचलला, मागच्या काचेला सनशेड लावलं, आणि आता पहिली दहा मिनिटं एसी चालवून मगच आवाज वाढवतो. त्यानंतर एकदाही बंद पडला नाही.

डिक्कीची अडचण मात्र आहेच, खाली स्टेपनी असल्यामुळे बॉक्स दर वेळी हलवावा लागते. सबच्या वायरीला मधे प्लग टाकून घेतला, गावाला जायचं असलं की बॉक्स घरी ठेवतो, दरवाज्यांचे स्पीकर अँपवर चालूच राहतात. सगळं मिळून 26,000 लागले, त्यात वायरिंग दोनदा झालं. पुढच्या महिन्यात दरवाज्यात ब्यूटाइलचं डॅम्पिंग (पत्र्याची खडखड दाबणाऱ्या रबरी शीट) टाकतोय, डांबराच्या शीट आपल्याकडच्या उन्हात वास मारतात आणि सुटतात.