पाच दिवसांचे ‘आयआरएस’ प्रशिक्षण : एका नायब तहसीलदाराचा अभिप्राय

महसूल, पोलीस, आरोग्य आणि नगरपालिका या खात्यांतील अधिकाऱ्यांसाठी घटना प्रतिसाद प्रणालीचे, म्हणजे आपत्तीत कोणी कोणते काम करायचे आणि कोणाचा हुकूम मानायचा हे ठरवणाऱ्या, ज्याला आम्ही सगळे नुसते ‘आयआरएस’ म्हणतो त्या रचनेचे, पाच दिवसांचे निवासी प्रशिक्षण घेतले जाते. गेल्या नोव्हेंबरात मी ते करून आले. उणिवांविषयीही लिहायचे असल्याने संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. कृष्णाकाठच्या एका तालुक्यात मंडळ अधिकारी असताना मी २०१९ चा महापूर पाहिला आहे, त्यामुळे प्रत्येक तासाला माझ्या मनात एकच प्रश्न होता : हे तेव्हा माहीत असते, तर त्या ऑगस्टमध्ये मी काय वेगळे केले असते?

पहिला दिवस कायद्याचा होता आणि तो निराशाजनक ठरला. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याची कलमे पडद्यावर एकामागून एक वाचून दाखवण्यात आली. बचावकार्यासाठी वाहने आणि साधने अधिग्रहित करण्याचा अधिकार कलम ६५ ने मिळतो, आणि त्याची भरपाई कलम ६६ नुसार द्यावी लागते, एवढे तर आम्ही कार्यालयात बसूनही वाचू शकतो. मध्यरात्री एखाद्या ट्रॅक्टरमालकाच्या हातात द्यायचा आदेश कसा लिहावा, त्यात डिझेलचा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवावा, आणि तो नाही म्हणाला तर पुढे काय करावे, हे विचारले तेव्हा ‘ते स्थानिक पातळीवर ठरवावे’ असे उत्तर मिळाले. स्थानिक पातळीवर ठरवणारी माणसेच तर त्या वर्गात बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून मात्र चित्र पालटले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांवर हा भाग आधारलेला आहे. जिल्हाधिकारी ‘रिस्पॉन्सिबल ऑफिसर’, त्यांच्या हाताखाली ‘इन्सिडेंट कमांडर’, आणि त्याच्या खाली ऑपरेशन्स, प्लॅनिंग व लॉजिस्टिक्स असे तीन विभाग, ही रचना कागदावर कोरडी वाटते. पण तिच्यामागचे दोन नियम मला फार मोलाचे वाटले : प्रत्येक माणसाला हुकूम देणारा वरिष्ठ एकच असावा, आणि बाहेरून आलेले प्रत्येक साधन आधी ‘स्टेजिंग एरिया’त, म्हणजे साधने जमवून ठेवायच्या ठरलेल्या जागी, नोंदवून मगच पुढे सोडावे. आमच्याकडे २०१९ साली एका बोटीला तीन अधिकाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या गावांना जायला सांगितले होते आणि बिचारा नावाडी ज्याचा फोन शेवटी आला त्याचे ऐकून निघून गेला होता. तेव्हा आम्ही त्याच्यावर चिडलो. चूक त्याची नव्हती, हे मला या वर्गात बसून कळले.

प्रशिक्षणाचा सर्वांत कसदार भाग म्हणजे तिसऱ्या दिवशीचा टेबलटॉप सराव, म्हणजे टेबलाभोवती बसून कल्पित प्रसंगावर निर्णय घेण्याचा सराव. प्रशिक्षकांनी सहभागींचे जिल्हे आधी विचारून घेतले होते आणि प्रसंग त्यानुसार बेतले होते. आमच्या गटाला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी दिली होती : ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि पाणी तासागणिक चढते. मग दर काही मिनिटांनी एक चिठ्ठी टेबलावर येऊन पडायची. अमुक वस्तीचा रस्ता बंद झाला. एका गावात डायलिसिसचे दोन रुग्ण अडकले आहेत. मंत्र्यांचा दौरा ठरला आहे, हेलिपॅड तयार ठेवा. एका चिठ्ठीवर फक्त एवढेच होते : ‘चाळीस कुटुंबे घर सोडायला तयार नाहीत.’ कारण विचारल्यावर प्रशिक्षक म्हणाले, ‘भीती.’ त्यावर शिरोळकडचे एक तलाठी उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, ‘साहेब, भीती नाही, म्हशी.’ वर्ग हसला, पण मुद्दा खरा होता. दावणीला दुभती जनावरे असताना माणूस बोटीत बसत नाही, आणि जनावरांची छावणी हा निर्वासन आराखड्याचा पहिला मुद्दा असायला हवा. प्रशिक्षकांनी तो तिथल्या तिथे फलकावर लिहून घेतला, ही त्यांची जमेची बाजू.

चौथ्या दिवशी जखमींच्या वर्गवारीचा, म्हणजे ट्रायाजचा, सराव झाला. निम्मे सहभागी खोटे जखमी बनले, निम्म्यांच्या हातात लाल (ताबडतोब उपचार), पिवळी (थोडे थांबता येईल), हिरवी (किरकोळ) आणि काळी (मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला) पट्टी. मी मोठ्याने ओरडणाऱ्या एका ‘जखमी’कडे धावले आणि दाराआड गप्प पडलेल्या एका आरोग्य सेविकेला पिवळी पट्टी बांधून पुढे गेले. तिच्या गळ्यातल्या कार्डावर श्वास मिनिटाला ३४ लिहिले होते. ३० च्या वर श्वास गेला की लाल, हा नियम मी अर्ध्या तासापूर्वीच वहीत उतरवून घेतला होता. ओरडणाऱ्याला श्वास घेता येतो आणि गप्प असलेल्याकडे आधी बघायचे असते, हे त्या एका चुकीने मला जसे समजले तसे कोणत्याही व्याख्यानाने समजले नसते.

बोटीच्या सत्राबद्दल तेवढे चांगले लिहिता येत नाही. ते जलतरण तलावात झाले. लाइफ जॅकेटचे पट्टे कसे आवळावेत आणि दोरीची पिशवी कशी फेकावी, हे नीट शिकवले. परंतु पुराचे पाणी तलावासारखे निळे आणि स्थिर नसते. त्याखाली उसाचे फड असतात, कुंपणाच्या तारा असतात, विजेच्या वाहिन्या हाताच्या अंतरावर आलेल्या असतात, आणि मोटारीच्या पात्यात ऊस अडकला की बोट प्रवाहावर सोडून द्यावी लागते. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये बोट उलटून माणसे गेली, त्या घटनेचा उल्लेख झाला, पण बोटीत माणसे चढवताना मोजणारा माणूस काठावर उभा हवा, बोटीत नव्हे, एवढी साधी गोष्टसुद्धा कोणी करून दाखवली नाही.

दुसरी तक्रार भाषेची. सगळे नमुने इंग्रजीत होते. घटनेची पहिली माहिती भरायचा नमुना गावातून येणार असेल, तर तो पोलीस पाटील किंवा कोतवाल भरणार, आणि तो त्याला वाचता आला पाहिजे. मी परत आल्यावर त्याचे एका पानाचे मराठी रूप करून घेतले आणि आमच्या सज्जातल्या माणसांना दिले; संस्थेने हे स्वतः केले तर शेकडो तालुक्यांचे काम वाचेल.

निवास आणि जेवण ठीक. रात्री स्थानिक प्रतिसाद दलातल्या एका जवानाशी गप्पा मारायची संधी मिळाली, ती वेळापत्रकात नव्हती, पण पाच दिवसांत मी जे शिकले त्याचा बराच भाग तिथला आहे.

नायब तहसीलदार, मंडळ अधिकारी, वैद्यकीय अधिकारी आणि पोलीस उपनिरीक्षक यांनी हे प्रशिक्षण जरूर करावे. अग्निशमन दलात मुरलेल्यांना यातला निम्मा भाग पाठ असेल. कार्यालयप्रमुखांना माझी विनंती अशी की, एका तालुक्यातून किमान तिघांना एकत्र पाठवावे. मी एकटी गेले आणि परतल्यावर दोन महिने स्टेजिंग एरिया म्हणजे काय हे सांगण्यात गेले. तुकडी शक्यतो मेमधली मागावी, कारण नोव्हेंबरात शिकलेल्या आमच्या तुकडीतील तिघे उन्हाळ्यातल्या बदल्या उरकल्यावर आता अशा ठिकाणी आहेत जिथे नदीच नाही. आणि पोहण्याचे कपडे सोबत न्यावेत; आमच्या सूचनापत्रात त्याचा उल्लेख नव्हता, म्हणून मी ते सत्र काठावर बसूनच पाहिले.