बाहेरच्या पर्यावरण सल्लागारांसोबत 17 महिने: एका सार्वजनिक बंदरातील अनुभव

कोकण किनाऱ्यावरील एका सार्वजनिक बंदराचा पर्यावरण कक्ष मी सांभाळते. कक्ष म्हटले तरी त्यात मी, एक कनिष्ठ अभियंता आणि अर्धा दिवस मिळणारा एक लिपिक एवढेच मनुष्यबळ आहे. बंदरात मुख्यतः कोळसा आणि बॉक्साइट हाताळले जाते, धक्क्याच्या पूर्वेला हाकेच्या अंतरावर मच्छीमारांची वस्ती आहे आणि दरवर्षी पावसाळा संपला की जलमार्गातील गाळ काढावा लागतो. या सगळ्याला लागू असलेल्या पर्यावरणविषयक अटींच्या अनुपालनासाठी आम्ही दोन वर्षांच्या करारावर बाहेरची सल्लागार संस्था नेमली, त्याला आता 17 महिने झाले. अशी नेमणूक करू पाहणाऱ्या इतर बंदरांतील सहकाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण पुढे ज्या त्रुटी सांगणार आहे त्यांतील बऱ्याचशा आमच्याच निविदेतून जन्मल्या होत्या.

बाहेरची मदत का लागते, हे आधी सांगायला हवे. आमच्या विस्तारीकरणाला पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी मिळालेली आहे आणि तिच्यातील प्रत्येक अटीचा सहामाही अहवाल दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो. 1974 चा जल कायदा आणि 1981 चा वायू कायदा यांखालचे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र वेगळे, किनारी नियमन क्षेत्राच्या अटी वेगळ्या, घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण 30 जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरणपत्र 30 सप्टेंबरपर्यंत. हवेतील धूलिकणांचे मोजमाप आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी 24 तास, म्हणजे वर्षाला 104 वेळा करायचे. तीन माणसांच्या कक्षाने हे सारे स्वतःची प्रयोगशाळा नसताना करणे शक्य नाही, त्यामुळे सल्लागार नेमण्याचा निर्णय चुकला असे मला आजही वाटत नाही.

पहिल्या दोन महिन्यांतच त्याचा लाभ दिसला. सर्व परवानग्यांमधील अटी एकत्र करून त्यांनी एकच तक्ता तयार केला आणि कोणती अट कोणत्या विभागाच्या अखत्यारीत येते ते प्रथमच कागदावर आले. आमच्या यांत्रिकी विभागाला तोवर ठाऊकच नव्हते की क्रेनच्या देखभालीतून निघणाऱ्या वापरलेल्या तेलाविषयीच्या चार अटी त्यांच्या गळ्यात आहेत. संस्थेची एक तरुण रसायनशास्त्रज्ञ कार्यशाळेमागच्या शेडमध्ये गेली आणि तेलाच्या पिंपांपाशी बराच वेळ थांबली. एकाही पिंपावर भरल्याची तारीख नव्हती. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे असा कचरा सर्वसाधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, आणि तारीखच नसेल तर 90 दिवस मोजायचे कुठून? आम्ही त्या शेडवरून वर्षानुवर्षे जा-ये करत होतो. त्याच आठवड्यात पिंपांवर पिवळ्या पट्ट्या लागल्या, नोंदवही सुरू झाली आणि अधिकृत पुनर्प्रक्रियादाराकडे माल पाठवताना भरायची कागदपत्रे नीट लागली. बाहेरच्या नजरेचा उपयोग म्हणतात तो हाच.

अडचण सुरू झाली ती समुद्राच्या पाण्याच्या नमुन्यांपासून. आमच्या करारात पाण्याचे नमुने "दर महिन्याला" घ्यावेत असे लिहिलेले होते आणि मासिक देयक त्या तक्त्याशी जोडलेले होते. ऑगस्टमध्ये जुलैचा तक्ता माझ्या टेबलावर आला. जलमार्गातील तीन ठिकाणांचे आकडे त्यात व्यवस्थित मांडलेले होते, विरघळलेला ऑक्सिजन बंदराच्या पाण्यासाठी ठरलेल्या लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या किमान मर्यादेपेक्षा बराच वर होता, आणि सारे काही ठीक दिसत होते. मला खटकली ती क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा. ती जवळजवळ मे महिन्याएवढीच होती. आमचे बंदर खाडीच्या मुखाशी आहे. भर पावसात वरून येणारे गढूळ गोडे पाणी डोळ्यांना दिसते, मग ते आकड्यांत का दिसू नये?

मी लाँचची नोंदवही मागवली. जुलैत खलाशांनी लाँच बांधूनच ठेवलेली होती. खात्री करावी म्हणून तांडेलांना विचारले, तर ते म्हणाले, "मॅडम, जुलैत आपली लाँच धक्क्यावरनं सुटलीच नाय. त्या दर्यात कोण जाणार?" भाड्याची दुसरी बोट मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या वर ओढलेल्या असतात. संस्थेच्या प्रकल्प समन्वयकाला मी लाँचच्या नोंदीची प्रत समोर ठेवून विचारले. दोन दिवसांनी उत्तर आले की नमुने धक्क्यावरून बादलीने घेतले होते आणि ठिकाणांची नावे "नेहमीप्रमाणे" टाकली गेली. त्या तक्त्यावर मी सही केली नाही आणि ते देयक परत पाठवले.

ही गोष्ट मी मुद्दाम विस्ताराने सांगते आहे, कारण तिच्यात दोष एकट्या संस्थेचा नव्हता. बारा तक्ते दिल्याशिवाय बारा देयके मिळणार नाहीत असे आम्हीच लिहिले होते, आणि समुद्र खवळलेला असताना काय करायचे याबद्दल करारात एक ओळसुद्धा नव्हती. तेव्हापासून नमुने घ्यायच्या दिवशी आमचा कनिष्ठ अभियंता लाँचवर असतो. ऑक्सिजनचा नमुना जागीच पक्का करावा लागतो: काचेच्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइडचे थेंब सोडले की तपकिरी साका खाली बसतो, तो पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन उरलेला नाही असे समजायचे. हे आमच्या माणसाने स्वतः पाहिले की प्रयोगशाळेकडून येणारा आकडा त्याला वाचता येतो, एरवी तो फक्त कागदावरचा अंक असतो. पावसाळ्यातील महिन्यांपुढे आता "समुद्र प्रतिकूल, नमुना घेतला नाही" असे लिहिले जाते आणि त्यासाठी देयक कापले जात नाही. मंडळाच्या अधिकाऱ्यांनी त्यावर आजवर एकदाही हरकत घेतलेली नाही.

सहामाही अहवालाची भाषा हा दुसरा प्रश्न. पहिल्या मसुद्यात अटींसमोर "पूर्तता केली आहे", "मान्य", "नोंद घेतली" एवढेच शेरे होते. काढलेला गाळ ठरवून दिलेल्या जागीच टाकावा या अटीपुढेही "पूर्तता केली आहे" असे होते. गाळ काढणाऱ्या ड्रेजरच्या फेऱ्यांची नोंद कोणी मागितलेली नव्हती. एका अटीखाली तर सुरूच्या झाडांच्या पट्ट्याचा उल्लेख आला, आणि आमच्या हद्दीत सुरूचे एकही झाड नाही. दुसऱ्या कुठल्या तरी बंदराचा मजकूर तसाच उचललेला होता. मी मसुदा परत पाठवला आणि नियम केला की प्रत्येक शेऱ्यापुढे तारीख, नोंदवहीचे पान आणि शक्य तिथे छायाचित्र असलेच पाहिजे. नसेल तर "पूर्तता झालेली नाही, कारण अमुक" असे स्पष्ट लिहायचे. यामुळे डिसेंबरचा अहवाल जाड झाला आणि त्यात अकरा अटींपुढे "झालेली नाही" असे आले. आमच्या वरिष्ठांना ते आवडले नाही. दोन बैठका झाल्या. परंतु मंजुरी बंदराच्या नावावर आहे, सल्लागाराच्या नव्हे. चुकीच्या माहितीबद्दल विचारणा झाली तर उत्तर बंदराला द्यावे लागते, हे मान्य झाल्यावर अहवाल तसाच गेला. त्या अकरांपैकी सात अटी पुढच्या सहा महिन्यांत खरोखर पूर्ण झाल्या, कारण आता त्या कागदावर उघड्या पडल्या होत्या.

हवेच्या मोजमापाबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. धूलिकण मोजण्याचे यंत्र संस्थेने विश्रामगृहाच्या गच्चीवर बसवले होते. तिथे वीज होती, जिना होता, रखवालदार होता. आकडे नेहमी चांगले येत. पीएम-10 साठी, म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धूलिकणांसाठी, 24 तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आहे आणि आम्ही तिच्या बरेच खाली असायचो. फेब्रुवारीत वस्तीतल्या एक मावशी कार्यालयात आल्या. त्यांनी पदराच्या टोकात बांधून आणलेले सुके बोंबील माझ्या टेबलावर ठेवले आणि काही न बोलता त्यांतल्या एकावरून बोट फिरवून ते मला दाखवले. बोट काळे झाले होते. मासळी वाळत घालायच्या त्यांच्या वलांड्या कोळशाच्या साठ्यापासून फार लांब नाहीत, आणि व्यापारी असा माल हातात घेत नाही.

विश्रामगृह साठ्याच्या वायव्येला आहे. आमच्याकडे दुपारनंतर वारा समुद्रावरून वायव्येकडूनच येतो, आणि कोळशाची चढउतारही मुख्यतः त्याच वेळी चालते. म्हणजे यंत्र आधी वारा घेत होते आणि वस्ती नंतर धूळ घेत होती. यंत्राची जागा ठरवताना वाऱ्याचा वर्षभराचा आलेख पाहावा हे या क्षेत्रातले अगदी प्राथमिक ज्ञान आहे, आणि संस्थेच्या प्रस्तावात तो आलेख रंगीत छापलेला होताही. आम्ही दुसरे यंत्र वस्तीच्या बाजूला शाळेच्या गच्चीवर बसवायला लावले. पहिल्याच महिन्यात दोनदा आकडा मर्यादेपलीकडे गेला. मुरगाव बंदरातील कोळशाच्या धुळीवरून वास्कोत किती असंतोष साठला आणि 2017 मध्ये तिथली जनसुनावणी किती दिवस चालली, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक बंदराला माहीत आहे. तरीही यंत्र सोयीच्या गच्चीवर बसते, आणि ते चुकीच्या जागी आहे हे सांगायला सुके बोंबील घेऊन कोणाला तरी यावे लागते, याचे मला फार वाईट वाटते. आता साठ्यावर फवारे वाढवले आहेत, ट्रक ताडपत्रीशिवाय फाटकाबाहेर सोडला जात नाही, आणि वारा जोराचा असेल तेव्हा वस्तीकडच्या टोकाला माल उतरवणे थांबते. वाहतूक विभागाची कुरकुर अजून चालू आहे.

निवडीविषयी थोडेसे. आमच्या आधीच्या करारात सर्वांत कमी दराला काम दिले होते. या वेळी गुणवत्तेला 70 आणि दराला 30 गुण ठेवले, आणि ते बरोबरच होते. परंतु गुणवत्ता म्हणजे आम्ही संस्थेची उलाढाल, झालेल्या कामांची संख्या आणि तज्ज्ञांचे अनुभवपत्र एवढेच पाहिले. अनुभवपत्रातले ज्येष्ठ तज्ज्ञ 17 महिन्यांत दोनदा आले. प्रत्यक्ष काम करणारी मुले तीनदा बदलली, आणि प्रत्येक वेळी खाडी, भरती-ओहोटी, फाटके, सारे पहिल्यापासून दाखवावे लागले. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. नॅबेट या राष्ट्रीय मान्यता मंडळाची सल्लागारांना मिळणारी मान्यता ही पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे अहवाल तयार करण्यासाठी असते. नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेची मान्यता ही निराळी बाब आहे आणि ती वेगळी तपासावी लागते. आमच्या संस्थेकडे पहिली होती, प्रयोगशाळेचे काम मात्र तिने दुसरीकडे दिले होते, हे आम्हाला चौथ्या महिन्यात कळले.

पुढच्या निविदेचा मसुदा मी सध्या तयार करते आहे. त्यात मोजमाप आणि प्रयोगशाळेचे काम बाहेर द्यावे, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे नाव प्रस्तावातच असावे, जागेवर राहणारी दोन माणसे नावानिशी ठरलेली असावीत आणि ती बदलायची असतील तर महिनाभर आधी कळवावे, असे प्रस्तावित केले आहे. देयक तक्त्यांच्या संख्येवर न देता लाँचच्या नोंदीवर आणि नमुना हस्तांतरणाच्या सहीवर द्यावे, असेही सुचवले आहे. सहामाही अहवाल लिहिण्याचे काम मात्र त्यात ठेवलेले नाही. येत्या 1 डिसेंबरचा अहवाल आमच्या कक्षातच लिहिला जातो आहे, आणि धुळीच्या अटीखाली शाळेच्या गच्चीवरचे आकडे, मर्यादेपलीकडचे दोन्ही धरून, तारखांसह घातलेले आहेत.